स्वस्त गिटारची जवारी



तुम्ही आत्ता ज्या यंत्रातून माझा आवाज ऐकता आहात, त्या रेडिओचं आणि मी आज ज्या वाद्याबद्दल बोलणार आहे त्या इलेक्ट्रिक गिटारचं नातं फार जवळचं आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन या गावी लिओ फेंडर नावाचे गृहस्थ रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवत. १९३८ साली त्यांनी ते दुकान काढलं. गावातले वादक आपले बिघडलेले ॲम्प्लिफायर घेऊन त्यांच्याकडे येत. त्यातूनच त्यांना वादकांच्या अडचणी कळत गेल्या. १९५० साली त्यांनी भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली. ती पुढं टेलिकास्टर या नावानं प्रसिद्ध झाली. १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर आली. आज जगातल्या कुठल्याही गावात स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार घेतली, तर बहुतेक वेळा ती याच स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची असते. गंमत म्हणजे ज्यांनी ही गिटार घडवली, त्या फेंडरसाहेबांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती.

पण दुरुस्ती करणाऱ्या माणसाची नजर त्यांच्याकडे होती. जुन्या गिटारमध्ये दांडी, म्हणजे वादक जिला नेक म्हणतात ती, सरसानं कायमची चिकटवलेली असे. फेंडर यांनी ती चार स्क्रूंनी धडाला जोडली. बिघडली तर काढा, दुसरी लावा. तारेची उंची, तारेची लांबी, सगळं स्क्रूनं कमी-जास्त करता येईल अशी सोय केली. म्हणजे या वाद्याच्या जन्मातच एक गोष्ट गृहीत आहे. हे वाद्य तयार होऊन तुमच्या हाती येत नाही, ते हाती आल्यावर लावून घ्यायचं असतं. नेमकी हीच गोष्ट विकणारे सांगत नाहीत आणि घेणाऱ्याला ठाऊक नसते. आजचं माझं बोलणं एवढ्याच मुद्द्यावर आहे.

मी मिरजेकडचा. कविता लिहिणारा. तुम्ही म्हणाल, यांचा आणि गिटारचा काय संबंध? संबंध माझ्या भाचीमुळे आला. अकरावीत असताना तिनं इलेक्ट्रिक गिटार घेतली. दोन वर्षांची साठवलेली ईदी आणि तिच्या अम्मीनं शिलाई मशीनवर रात्री जागून मिळवलेले पैसे, असे मिळून गिटार, लहानसा ॲम्प्लिफायर आणि पिशवी घरी आली. सगळं मिळून बारा हजार. काहींना ही रक्कम किरकोळ वाटेल. त्या घरात ती किरकोळ नव्हती. तीन महिन्यांनी पोरगी म्हणाली, "मामू, मेरेकू सूरच नै समजता." बोटांना घट्टे पडले होते, कॉर्ड वाजत नव्हती, आणि वाजली तरी कानाला खुपत होती. नातेवाइकांनी लगेच निकाल दिला : पोरीला अंग नाही, पैसे पाण्यात गेले. गिटार कपाटावर चढली.

आमच्या मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. पूर्वी हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी तंतुवाद्यं करायला घेतली. फरीदसाहेब सतारमेकरांपासून ही परंपरा सांगितली जाते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. या गल्लीत लहानपणापासून जाणं-येणं असल्यामुळे मला एक गोष्ट माहीत होती. भोपळा कितीही उत्तम असो, लाकूड कितीही जुनं असो, जवारी काढल्याशिवाय तंबोरा बोलत नाही. घोडीचा माथा कानसेनं घासत, मधूनमधून तार छेडून ऐकत कारागीर तासन्‌तास बसतो. केसभर जास्त घासलं की काम बिघडतं. ते झालं की तारेखाली सुताचा धागा सरकवायचा आणि तंबोरा गुंजायला लागतो.

मी ती गिटार कपाटावरून काढली आणि ओळखीच्या एका बुजुर्ग कारागिरांकडे नेली. ते गिटारचं काम करत नाहीत. त्यांनी ती डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरली, दांडीवरून नजर फिरवली, पहिल्या पडद्यावर तार दाबून पाहिली आणि म्हणाले, "इसको किसीने लगायाच नै. नुस्ती बनाई और बेच दी."

श्रोतेहो, या एका वाक्यात सगळं आलं. आज स्वस्तातल्या गिटार मुख्यतः चीन आणि इंडोनेशियातल्या मोठ्या कारखान्यांत होतात. लाकूड कापण्याचं काम संगणकावर चालणारी यंत्रं करतात. त्यामुळं पडद्यांच्या जागा अचूक असतात, दांडी सरळ असते. आमच्या तरुणपणी मिळणाऱ्या स्वस्त गिटारपेक्षा आजची आठ-दहा हजारांची गिटार पुष्कळ चांगली असते. पैसे वाचवले जातात ते हाताच्या कामात. एकेक वाद्य घेऊन, तार लावून, ऐकून, घासून ठीक करायला माणसाचा वेळ लागतो आणि वेळ महाग असतो. शिवाय हे लाकूड समुद्र ओलांडून दुसऱ्या हवेत येतं. तेव्हा कारखान्यात ठीक असलेलं वाद्यही इथे येईतो हललेलं असतं.

आता लावायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते क्रमानं सांगतो. सगळ्यात आधी नव्या तारा. डब्यातून आलेल्या तारा अनेकदा महिनोन्‌महिने हवा खाल्लेल्या असतात. नव्यानं शिकणाऱ्यानं बारीक संच घ्यावा. दुकानात 'नऊचा सेट' म्हटलं की देतात. त्यातली सर्वांत पातळ तार इंचाच्या ९ हजारांश जाडीची असते, सर्वांत जाड ४२ हजारांश. हा संच सुरात चढवला की दांडीवर सगळा मिळून चाळीस किलोच्या आसपास ताण येतो. सिमेंटच्या पोत्याचं वजन पन्नास किलो असतं, त्यावरून अंदाज करा.

एवढ्या ताणानं दांडी पुढे वाकू पाहते. तिला धरून ठेवायला आतून एक लोखंडी सळई घातलेली असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. तिचं तोंड दांडीच्या एका टोकाला असतं. षट्कोनी चावीनं ती घट्ट केली की दांडी सरळ होते, सैल केली की तारांच्या ओढीनं जराशी वाकते. दांडी अगदी सरळ नको आणि धनुष्यासारखीही नको. तपासायची रीत सोपी आहे. जाड तार पहिल्या पडद्यावर आणि सतराव्या पडद्यावर एकाच वेळी दाबायची, म्हणजे तीच तार फूटपट्टीचं काम करते. मग सातव्या-आठव्या पडद्याजवळ तार आणि पडदा यांच्यात किती फट आहे ते पाहायचं. पाव मिलिमीटर, म्हणजे साधारण व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट हवी. चावी एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवायची नाही. फिरवल्यावर तारा पुन्हा सुरात लावून मगच पाहायचं. जोर लावावा लागला तर तिथेच थांबायचं.

दुसरी जागा, जिथे नवशिक्यांचे सगळ्यात जास्त हाल होतात, ती म्हणजे खुंट्यांच्या बाजूची पांढरी पट्टी. तिला नट म्हणतात. तिच्या खाचांतून तारा जातात. कारखान्यात या खाचा मुद्दाम उथळ ठेवतात, कारण जास्त खोल गेल्या तर तार पडद्यावर खडखडते आणि पट्टी बदलावी लागते. पण खाच उथळ असेल तर पहिल्या पडद्याजवळ तार उंच राहते. ती दाबायला जास्त जोर लागतो. इतकंच नव्हे, दाबताना ती ताणली जाते आणि ताणली की सूर चढतो. म्हणजे मोकळ्या तारा मोबाइलवरच्या ट्यूनरनं अगदी बरोबर लावल्या, तरी पहिल्या-दुसऱ्या पडद्यावरची कॉर्ड बेसूर वाजते. नवशिक्या तर पहिले सहा महिने तिथेच असतो. पोरीचा कान तिला सांगत होता की हे चढं आहे. कान बरोबर होता. वाद्य खोटं बोलत होतं. पण वाद्य छापील डब्यातून आलेलं आणि कान स्वतःचा, तेव्हा तिनं दोष स्वतःला दिला.

हे तपासायला तार दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्याच्या मध्ये दाबायची आणि पहिल्या पडद्यावर पाहायचं. तिथे अगदी केसभर फट हवी. जास्त असेल तर खाच खोल करावी लागते. हे काम मात्र घरी करू नये. जाणकाराकडून करून घ्यावं, कारण घासलेलं परत भरता येत नाही.

तिसरी जागा घोडी, म्हणजे ब्रिज. इथे प्रत्येक तारेला स्वतंत्र बारकी घोडी असते आणि तिला दोन बारीक स्क्रू असतात. त्यानं तारेची उंची ठरते. बाराव्या पडद्यावर पट्टी उभी धरून मोजायचं. जाड तारेखाली २ मिलिमीटर, बारीक तारेखाली दीड मिलिमीटर असलं की बोटांना आराम पडतो. याहून खाली आणलं तर तार पडद्यांना घासून झणझणते. इथे आपल्या आणि त्यांच्या वाद्यात मोठा फरक आहे. तंबोऱ्यात तारेनं घोडीला हलकेच घासावं यासाठीच सारा खटाटोप, कारण त्या घासण्यातूनच गुंजन निघतं. गिटारमध्ये तीच झणझण दोष समजतात. पण दोन्हीकडे कारागीर शोधतो ती जागा एकच. तार किती उचलायची आणि किती टेकवायची, याची जागा.

चौथी गोष्ट लांबीची. नटपासून बाराव्या पडद्यापर्यंतचं अंतर हे तारेच्या लांबीच्या निम्मं असतं. स्ट्रॅटोकास्टरच्या घाटात पूर्ण लांबी साडेपंचवीस इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर. निम्म्यावर दाबलं की वरचा षड्ज मिळाला पाहिजे. पण तार दाबताना थोडी ताणली जाते, आणि जाड तार जास्त बिघडते, म्हणून घोडी जराशी मागे-पुढे सरकवावी लागते. बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून छेडायचं, मग तिथेच दाबून छेडायचं. दोन्ही सूर एक यायला हवेत. दाबलेला सूर चढा आला तर घोडी मागे न्यायची, म्हणजे तार लांब होते. उतरा आला तर पुढे आणायची. मात्रांचा हिशेब करत ओळ लिहिणाऱ्या माणसाला हे चटकन समजतं. एक मात्रा इकडची तिकडे झाली की सगळी ओळ लंगडते, मग शब्द कितीही चांगले असोत.

इथं एक शंका संगीत जाणणारे श्रोते काढतील. सतारीचे पडदे धाग्यानं बांधलेले असतात, रागाप्रमाणे सरकवता येतात. गिटारचे पडदे ठोकलेले. सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून ते बसवलेले असतात. त्यामुळं तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, त्यापेक्षा गिटारचा गंधार थोडा चढा असतो, अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याएवढा. ही शंका खरी आहे. याच कारणावरून १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं हार्मोनियमवर बंदी घातली होती आणि ती १९७१ पर्यंत टिकली. ज्या माध्यमातून मी बोलतो आहे त्यानं एके काळी पेटीला दार बंद केलं होतं, हे आठवलेलं बरं. पण ठोकलेल्या पडद्यांची ही मर्यादा ठरवून पत्करलेली आहे. सगळ्या पट्ट्यांत सारखं वाजावं म्हणून केलेली ती तडजोड आहे. नीट न लावलेल्या गिटारचा बेसूरपणा मात्र नुसता निष्काळजीपणा आहे. दोन्हींची गल्लत करू नये.

आणि आपल्याकडच्या कानाला गिटार परकी आहे असंही नाही. व्हॅन शिप्लींनी हवाइयन गिटारवर वाजवलेली सिनेमाची गाणी घरोघर ऐकली गेली. ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग वाजवले. १९६७ साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर त्यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका निघाली, तिच्यात गिटार आहे. २०२२ साली आपल्यातून गेलेले भूपिंदर सिंग आम्हा गझलवेड्यांना गायक म्हणून प्रिय. पण राहुल देव बर्मन यांच्या अनेक गाण्यांत गिटारवरची बोटं त्यांचीच.

आता विजेकडे येतो. गिटारच्या पोटावर पिकअप नावाच्या पट्ट्या असतात. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वर पोलादी तार थरथरली की वेढ्यांत वीज निर्माण होते. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली सांगितलेलं तत्त्व, दुसरं काही नाही. ही पट्टी तारेच्या फार जवळ असेल तर चुंबक तारेला ओढतं आणि सूर डगमगतो. शेवटच्या पडद्यावर तार दाबून दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवावं. पण हे वेढे आपल्या घरातल्या विजेची ५० हर्ट्झची घरघरही पकडतात. ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर, मोबाइलचा चार्जर, सगळ्यांची कुजबुज त्यांना ऐकू येते. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ साली दोन वेटोळी उलटसुलट जोडून ही घरघर मारणारा पिकअप बनवला. त्याचं नाव हम्बकर. स्वस्त गिटारमध्ये हल्ली एखादा हम्बकर असतो. घरघरीचा त्रास होत असेल तर तो वापरून पाहावा.

यात एक गोष्ट मात्र गंभीरपणे ऐकावी अशी आहे. गिटारच्या तारा ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. तारांना हात लावला की घरघर कमी होते ती त्यामुळे. आपल्याकडे किती घरांत तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन खरोखर जमिनीला जोडलेली असते? अनेक जुन्या घरांत भोक तीन असतात आणि मागे वायरी दोनच. अशा ठिकाणी ॲम्प्लिफायरमध्ये बिघाड झाला तर वीज थेट तारांत आणि तारांतून वाजवणाऱ्याच्या हातात उतरू शकते. म्हणून गिटार घेण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या भोकात घालणारे अडॅप्टर तर वापरूच नका. भाचीच्या घरी अर्थिंग नव्हतं. ते करून घेईपर्यंत तिला सेलवर चालणाऱ्या छोट्या हेडफोन ॲम्पवर वाजवायला लावलं. शेजाऱ्यांनीही दुवा दिली.

राहिली हवा. आमच्याकडे मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात दांडीचं लाकूड आक्रसतं. धातूचे पडदे आक्रसत नाहीत. मग त्यांची टोकं कडेनं बाहेर येतात आणि हात खरचटतो. लोक म्हणतात, माल खराब निघाला. बारीक कानसेनं टोकं गोल केली की प्रश्न संपतो. पावसाळ्यात दांडी उलट हलते. म्हणून वर्षातून दोनदा, उन्हाळा लागताना आणि पाऊस लागल्यावर, तपासणी करावी. गिटार भिंतीवर उन्हात टांगू नये, बंद मोटारीत ठेवू नये.

हे सगळं स्वतः करायला लागणारी अवजारं म्हणजे दोन-तीन षट्कोनी चाव्या, एक लहान स्क्रू ड्रायव्हर, मिलिमीटरची पोलादी पट्टी आणि मोबाइलवरचा ट्यूनर. नटचं काम तेवढं कारागिराचं. मोठ्या शहरांत हजार-दीड हजारांत सगळं लावून मिळतं. म्हणून माझं सांगणं असं की, दहा हजार हातात असतील तर दहाची गिटार घेऊ नका. आठ-साडेआठची घ्या आणि उरलेले पैसे लावून घेण्यासाठी ठेवा. दुकानदाराला विचारा, लावून देणार का? विचारणारे वाढले तर लावून देणारेही वाढतील.

भाचीचं सांगायचं तर त्या बुजुर्गांनी नटच्या खाचा दोन दिवसांत उतरवून दिल्या. पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाले, "अब बच्ची को बिठाओ." बाकीचं काम आम्ही मामा-भाचीनं जेवणाच्या टेबलावर केलं. ट्रस रॉडची चावी तिनंच फिरवली. आज ती फार मोठी वादक झाली आहे असं मुळीच नाही. दहा-बारा कॉर्ड येतात, दोन गाणी येतात, तिसऱ्यात अडते. पण अडते तेव्हा "मला जमत नाही" असं न म्हणता आधी तार तपासते, मग बोट तपासते. तिच्या अम्मीनं मशीनवर बसल्या बसल्या एक दिवस विचारलं, "ये गाना पूरा कब होयेंगा?" मशीन थांबवून विचारलं, हे महत्त्वाचं.

अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आमच्या मिरजेत मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. उरुसात तिथे दरवर्षी मोठे मोठे गवय्ये हजेरी लावतात आणि गाण्याआधी तंबोरे जुळवत बसतात. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. समोरचे श्रोते कुरकुर करत नाहीत. एवढ्या मोठ्या गळ्यांनाही वाद्य आधी लावून घ्यावं लागतं, हे सगळ्यांना मान्य असतं. मग पहिल्यांदा वाद्य हातात घेणाऱ्या पोराला आपण ती दहा मिनिटं का देत नाही?

तुमच्या घरात, शेजारात कपाटावर चढलेली अशी एखादी गिटार असेल. सतार असेल, बुलबुलतरंग असेल. ज्याच्यासाठी ती आणली होती त्याला "तुला अंग नाही" असं कुणीतरी सांगून टाकलेलं असेल. या रविवारी ती खाली काढा. पहिल्या पडद्यावर तार दाबून बघा. किती उंच आहे ते बघा. मग त्या मुलाला हाक मारा.